एपिडॉरसला घेतलेलं नाव

वन्सं,

मला ऐकू आलं होतं. हे एक वाक्य आधी लिहून टाकते, मग बाकीचं क्रमाने सांगते. क्रमाने सांगायच्या माझ्या सवयीला तुम्ही हसायचात. "मालती, तुझ्या गोष्टीलासुद्धा अनुक्रमणिका असते," म्हणायचात. पण शिरीषचा सांगलीहून फोन आला, "मामी, आई गेली," तेव्हा मला पहिल्यांदा रडू आलं नाही. "अहो, पण आपलं भांडण राहिलं की," असंच मनात आलं. म्हणून या वेळी शेवटचं आधी.

हे लिहिणं तुमच्यासाठी आहे, पण मेलबर्नला इरा आणि रोहनची आई त्यांना ते वाचून दाखवणार आहे. माझ्या या नातवंडांच्या लेखी तुम्ही म्हणजे फोनवर वाजणारी शिट्टी. तुम्ही आमच्याकडे होतात तेव्हा त्यांचा फोन आला, की रिसीव्हरमध्ये जोरात शिट्टी फुंकायचात आणि तिकडून रोहन ओरडायचा, "व्हिसल आजी!" आत्याआजीला बोलताच येत नव्हतं, असं पोरांना वाटतं. तो समज मला पुसायचा आहे. त्यामुळे तुम्हाला माहीत असलेलंही मी सांगणार. कंटाळू नका.

मी लग्न होऊन तुमच्या भावाच्या घरी आले तेव्हा तुम्ही मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवत होतात. साडीवर पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात स्टीलची शिट्टी. शिट्टी फक्त शोभेला, कारण तुम्ही "सावधान" म्हटलं की मैदानावरच्या मुली तर सोडाच, रस्त्यावरचा सायकलवालाही पाय टेकून उभा राहायचा. तुमचे यजमान माधवराव सोमण गुरांचे डॉक्टर. बोलणं इतकं मऊ, की घरात त्यांना दोनदा विचारावं लागे. सव्वीस जानेवारीच्या संचलनाची तालीम असली की ते मैदानाच्या पार पलीकडे, कुंपणाच्या भिंतीशी जाऊन उभे राहायचे आणि तुमची आज्ञा तिथवर पोचली की हातातली मिटलेली छत्री उंच करायचे. छत्री वर गेली की शेवटच्या रांगेतल्या मुलीला ऐकू गेलं, हे तुम्हाला कळायचं. शिरीष बालवाडीत असतानाच माधवराव गेले. भिंतीशी मग कोणी उभं राहिलं नाही. तुमचा आवाज मात्र पोचत राहिला.

आणि मग म्हातारपणी ते थायरॉइडचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, जीव वाचला, पण स्वरयंत्राची एक बाजू हलेनाशी झाली. उरली नुसती हवा. कान तोंडाशी नेला तरच कळावी अशी कुजबुज. डॉक्टर म्हणाले, बोलत राहा. तुम्ही बोलणंच सोडलंत. "ऐकूच जात नाही तर बोलायचं कशाला?" एवढं शिरीषला सांगितलंत आणि जुनी शिट्टी पुन्हा गळ्यात घातलीत, या वेळी वाजवण्यासाठी. शिरीष घाबरला. "मामी, आई दिवसचे दिवस गप्प असते हो." म्हणून आम्ही तुम्हाला तीन महिन्यांच्या व्हिसावर इकडे अ‍ॅमस्टेलव्हीनला बोलावून घेतलं.

आमच्या या शिस्तीच्या इमारतीत तुम्ही पहिल्याच सकाळी शिट्टी फुंकलीत. तुमच्या बंडूला, म्हणजे यांना, चहा झाल्याची वर्दी. खालच्या मजल्यावरच्या डच बाई गाऊनवरच धावत वर आल्या, कुठे आग लागली म्हणून. तुम्ही त्यांना हाताला धरून आत बसवलंत आणि आल्याचा चहा दिलात. दुसऱ्या दिवशी शिट्टी झाली तेव्हा त्या बिस्किटांचा डबा घेऊनच वर आल्या. हे म्हणाले, "आक्काने एका दिवसात जेवढे शेजारी जोडले तेवढे मी तीस वर्षांत जोडले नाहीत." तुम्ही हसलात, पण बोलला नाहीत.

मग आलं चैत्रातलं हळदीकुंकू. ते दर वर्षी आमच्याकडे असतं. पुण्या-मुंबईहून नव्याने आलेल्या मुली, स्वतः कंपन्यांत काम करणाऱ्या किंवा नवऱ्याच्या कामामुळे आलेल्या, ट्राम पकडून, साड्या सावरत येतात. कैरी कुठल्या दुकानात मिळाली यावर आधी चर्चा होते, मग आंब्याची डाळ संपते, मग उखाण्यांचा आग्रह सुरू होतो. त्या दिवशीही झाला. सगळ्यांची नावं घेऊन झाली आणि नेत्रा, जी सगळ्यांत नवी आणि सगळ्यांत भोळी, तुमच्याकडे वळून म्हणाली, "आत्या, आता तुम्ही घ्या ना!"

कोणीतरी तिला कोपराने ढोसलं. तुम्ही पन्ह्याचे रिकामे पेले गोळा केलेत आणि स्वयंपाकघरात निघून गेलात.

मी मागोमाग आले तर तुम्ही धुतलेलेच पेले पुन्हा धूत होतात.

"वन्सं, घ्यायचं होतं का तुम्हाला?"

तुम्ही नळ बंद केलात आणि माझ्या उजव्या कानाशी आलात. "इतक्या वर्षांत कोणी विचारलं? आणि आता विचारलं तेव्हा घशात हवा. कोणाला ऐकू जाणार?"

"मला जाईल."

"तुला? तुझा डावा कान तर नुसता कुडी घालायला आहे."

बाहेर बायका टाळ्या वाजवत होत्या आणि आपण दोघी ओट्याशी उभ्या होतो. तेव्हाच मी ठरवलं, की तुम्हाला बोलतं केल्याशिवाय सांगलीला परत पाठवायचं नाही.

ग्रीस हे माझं जुनं वेड. कॉलेजात त्यांची नाटकं इंग्रजीतून वाचली होती, पण तिथली दगडी देवळं डोळ्यांनी पाहायची राहिली होती. यांना विचारलं तर म्हणाले, "माझे गुडघे आणि त्यांचे खांब, दोन्ही मोडलेले. मी घरीच बरा." म्हणून आपण दोघीच निघालो. अथेन्सला एक हॉटेल आणि तिथून रोज वेगळ्या ठिकाणी गाईडबरोबर जाऊन संध्याकाळी परत. मी रोजचं वेळापत्रक करून प्लास्टिकच्या पाकिटात घातलं. तुम्ही दशम्या केल्यात, मेतकूट घेतलंत आणि बुटांना पांढरा खडू लावलात.

आपली गाईड एलेनी तुम्हाला पहिल्या सकाळीच आवडली, कारण तिने बस सुरू करण्याआधी माणसं मोजली आणि सगळ्यांच्या छातीवर नारिंगी गोल चिकटवले. तुमचा पदरावर चिकटवला. तुम्ही मान डोलावलीत. "मुलगी कामाची आहे," असं ती मान म्हणत होती.

डेल्फीला डोंगराच्या कडेने चढत आपण अपोलोच्या देवळाशी पोचलो. जोतं, थोडे खांब, वर मोकळं आभाळ. एलेनी सालं सांगत होती आणि मी ती टिपून घेत होते. बघते तर तुम्ही खाली वाकून बुटाच्या नाड्या सोडताय.

"वन्सं, हे काय? दगड तापलेत."

तुम्ही उजव्या कानाशी आलात. "देऊळ आहे ना?"

"होतं. आता अवशेष आहेत. देव नाही यात."

"देव गेला म्हणून देवळाचा काय गोठा होतो?"

आणि मोजेसुद्धा काढून तुम्ही प्रदक्षिणेला निघालात. एका कोपऱ्यावर दोरी बांधली होती. तुम्ही ती उचललीत आणि खालून पलीकडे गेलात. पहारेकऱ्याने कर्कश शिट्टी फुंकली. सगळ्या डोंगरावरची माणसं वळली आणि तुमच्या टाचा आपोआप जुळल्या, हात मांडीला चिकटले. पक्कं सावधान! तो बिचारा रागवायला आला होता, तो तुम्हाला पाहून हसायलाच लागला. परत आल्यावर तुम्ही मला काय सांगितलंत? "फुंक कमी पडते त्याची."

त्या संध्याकाळी अथेन्सपर्यंत आपण भांडलो. मी म्हणत होते, पूजा थांबली की देऊळ संपलं, मग त्याला स्मारक म्हणायचं. तुम्ही म्हणत होतात, पूजा माणसांची थांबते, जागेचं देऊळपण कोण काढून घेणार? मी पुरावे देत होते, तुम्ही मला येडी म्हणत होतात. बस थांबली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की डेल्फीपासून तुम्ही अखंड बोलत होतात. ऑपरेशननंतर कोणी तुमच्याशी भांडलंच नव्हतं, वन्सं. सगळे नुसते तुमची काळजी घेत होते.

दुसऱ्या सहलीच्या दिवशी मायसीनीला गेलो. आपल्या गटातली माणसं त्या सिंहांच्या दरवाज्यापाशी अशी पांगली, की एलेनी रडकुंडीला आली. तुम्ही एका दगडावर चढलात आणि एकच लांब शिट्टी दिलीत. इंग्रज, डच, ऑस्ट्रेलियन, सगळे मुकाट्याने येऊन ओळीत उभे राहिले. एकाने तर पुढच्यापासून हाताचं अंतर घेतलं. एलेनी म्हणाली, "मॅडम, उद्यापासून नोकरीला या." तुमचा चेहरा त्या वेळी असा फुलला होता, की वाटलं, आज तुम्ही चारचौघांत बोलणार. पण पुन्हा ती शिट्टीच होती. आवाज नव्हता.

आणि तिथून एपिडॉरस.

इरा, रोहन, हे नीट ऐका. पाइनच्या झाडांतून वर आलं की डोंगराच्या कुशीत दगडी पायऱ्यांचा एक प्रचंड अर्धा वाडगा दिसतो. ते त्यांचं नाट्यगृह. तळाशी गोल मोकळी जागा आणि तिच्या मधोमध एक दगड. एलेनीने आपल्यातल्या काहींना अगदी वरच्या पायरीवर पाठवलं, स्वतः त्या दगडावर उभी राहिली आणि हातातला कागद फाडला. वरून लोकांनी हात हलवले. कागद फाटलेला ऐकू गेला होता! मग ज्याला त्याला हौस आली. कोणी टाळी वाजवली, कोणी बायकोला हाक मारली.

"वन्सं, आता तुम्ही."

तुमचा हात शिट्टीकडे गेला.

"नाही, मॅडम," एलेनी म्हणाली. "इथे शिट्टी नाही आणि ओरडणंही नाही. इथे हळू बोलणाऱ्यांचाच फायदा आहे."

मी ते तुम्हाला मराठीत सांगितलं. तुम्ही दगडाकडे पाहिलंत, मग वर पाहिलंत आणि मान हलवलीत. नको.

"हे बघा," मी म्हटलं, "मी वर जाते. अगदी वरच्या पायरीवर. तुम्हाला काय बोलायचं ते बोला. ऐकू आलं तर ही हातातली छत्री वर करते."

छत्री म्हटल्यावर तुम्ही माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलंत, ती मी विसरणार नाही. तुम्ही वाकलात आणि बुटाच्या नाड्या सोडायला लागलात.

मी चढले. माझे गुडघे यांच्या गुडघ्यांपेक्षा फार बरे आहेत असं नाही. वर आपल्याच गटातल्या एक डच बाई बसल्या होत्या, ब्रेडा गावच्या. त्यांनी सरकून जागा दिली. वळून पाहिलं तर तळाशी तुम्ही एवढ्याशा दिसत होतात. पोपटी साडी, अनवाणी, बूट एका बाजूला जोडीने ठेवलेले. गळ्यातली शिट्टी काढून तुम्ही मुठीत धरलीत. मी उजवा कान पुढे केला. मनात एकच, की आज ऐकू आलं नाही तर ही बाई पुन्हा तोंड उघडणार नाही.

आधी श्वास आला. खरंच सांगते, कोणी शेजारी येऊन बसावं तसा. मग शब्द आले. मोठे नव्हते, स्पष्ट होते. दोन ओळी. तुम्ही उखाणा घेत होतात. स्वतः रचलेला, त्या बसमध्येच कधीतरी जुळवलेला असणार. आणि दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला ते नाव आलं, जे तुमच्या तोंडून मी त्याआधी एकदाही ऐकलं नव्हतं.

माझी छत्री वर गेली होती हे मला ब्रेडाच्या बाईंनी माझा दंड धरला तेव्हा कळलं. "प्रार्थना म्हणाली का ती?" त्यांनी विचारलं.

"नाही. नवऱ्याचं नाव घेतलं."

"त्यात काय एवढं?"

"तो जाऊन खूप वर्षं झाली. आणि आमच्यात मग ते नाव घ्यायला कोणी सांगत नाही."

त्या उभ्या राहिल्या आणि टाळ्या वाजवू लागल्या. त्यांचं बघून दुसरे, मग खालचेही. एकालाही अर्थ कळला नव्हता. मधोमध तुम्ही ताठ उभ्या होतात, संचलनाची मानवंदना घेतात तशा.

मी खाली येईपर्यंत मात्र तुमचं सगळं पूर्वपदावर.

"काय ऐकलंस?"

"सगळं." मला धाप लागली होती आणि डोळे गळत होते.

"म्हणून दाखव."

"मी कशी म्हणू? तुमचा उखाणा. जिच्या नवऱ्याचं नाव तिनेच घ्यायचं असतं."

"म्हणजे ऐकलं नाहीस."

"छत्री वर केली ना मी!"

"ऊन होतं. ऊन लागलं की सगळे छत्री काढतात."

"उघडली नव्हती, मिटलेली वर केली होती!"

"तुझ्या वयाला बटण सापडलं नसेल."

हे भांडण बसमध्ये चाललं, विमानात चाललं, इथे जेवणाच्या टेबलावर यांच्यासमोर चाललं. हे म्हणाले, "आक्का, ऐकलं असेल तिने." तुम्ही म्हणालात, "बंडू, तू बायकोच्याच बाजूने बोलणार." तुमची ती कुजबुज आता घरभर होती. खालच्या बाईंशीसुद्धा तुम्ही बोलायचात, मराठीत, आणि त्या डचमध्ये उत्तर द्यायच्या. तुम्ही सांगलीला गेल्यावर शिरीषचा फोन आला, की आई भाजीवाल्याशी घासाघीस करते, संध्याकाळी शाळेच्या मैदानावर जाऊन पोरींच्या कवायतीच्या चुका काढते, आणि पोरी तिचं ऐकायला तिच्याभोवती कोंडाळं करून गप्प उभ्या राहतात. फोनवर मला मात्र दर वेळी तेच. "कबूल कर मालती, ऐकलं नव्हतंस."

आता तुम्ही नाहीत, तेव्हा मला एक गोष्ट आठवली. शिफोल विमानतळावर निरोप घेताना तुम्ही ती शिट्टी माझ्या हातात कोंबली होतीत. "तपासणीत वाजेल," म्हणालात. मी तेव्हा ते खरं मानलं. पण वन्सं, त्याच शिफोलवरून आपण अथेन्सला गेलो होतो, तेव्हा ती तुमच्या गळ्यातच होती, आणि कोणी हूं की चूं केलं नव्हतं. आपलं बोलणं कोणाला ऐकू जात नाही अशी जिची खात्री आहे, ती बाई शिट्टी देऊन टाकत नाही. भांडण तुम्ही सोडलं नाहीत, पण शिट्टी सोडलीत. म्हणजे छत्री तुम्हाला दिसली होती. आणि ती मिटलेली होती हेही दिसलं होतं. फक्त मला जिंकू द्यायचं नव्हतं. मोठ्या नणंदेला शोभेल असंच केलंत.

यंदा संक्रांतीचं हळदीकुंकू करणार का, असं मुलींनी दबकत विचारलं. मी म्हटलं, करणार, आणि थाटात करणार. नेत्राची आई पुण्याहून आली आहे. दोन वर्षांपूर्वी नेत्राचे वडील गेले. तिळगूळ झाले, उखाणे सुरू झाले, आणि मी पाहिलं, त्या बाई हळूच रिकाम्या वाट्या उचलून आत निघाल्या होत्या. अगदी तुमच्यासारख्या.

मी कपाटातून तुमची शिट्टी आणली आणि खोलीच्या मधोमध उभं राहून फुंकली. माझी फुंक पहारेकऱ्यापेक्षाही कमी, तुम्ही नक्की हसला असतात. पण सगळ्या गप्प झाल्या. खालच्या बाई सवयीने बिस्किटांचा डबा घेऊन दारात हजर झाल्या.

"नेत्राच्या आई, वाट्या राहू द्या. नाव घ्या."

"अहो, मी कशी घेऊ आता?"

"हळू घेतलंत तरी चालेल. इथे हळू बोलणाऱ्यांचाच फायदा आहे. आम्ही ऐकतोय."

त्यांनी वाट्या परत टेबलावर ठेवल्या. नेत्रा उठून त्यांच्याजवळ गेली, पण तिने त्यांना हात लावला नाही, नुसती शेजारी उभी राहिली. आणि मग त्यांनी घेतलं. जुना, लग्नातला उखाणा, एकही शब्द न अडखळता. काय घेतलं ते मी लिहिणार नाही, ते त्यांचं आहे. टाळ्या मात्र अशा झाल्या, की हे बेडरूममधून बाहेर आले आणि दारातच उभे राहून टाळ्या वाजवू लागले. आमच्या घरी यापुढे उखाण्याच्या वेळी कोणीही वाट्या उचलायच्या नाहीत, असा नियम झाला आहे. तो तुमचा नियम म्हणूनच ओळखला जाईल.

देवळाच्या भांडणातही तुम्हीच बरोबर होतात, हे ओघाने आलंच. पण ऐकण्याच्या भांडणात मी. जिच्या नवऱ्याचं नाव तिनेच घ्यायचं, असं मी तेव्हा म्हटलं होतं. आता घ्यायला तुम्ही नाहीत. म्हणून आज एकदाच, इरा आणि रोहनला ऐकू जावं म्हणून, मी ते म्हणून दाखवते आहे. वरच्या पायरीवर जसं आलं तसं, एक अक्षर न बदलता.

छत्री वर आहे, वन्सं. मिटलेली.

देव गेला, देऊळ राहिलं, पायरीवर ऊन,
माधवरावांचं नाव घेते सोमणांची सून.